'शुड ऑलवेज बी' की 'शुड बी ऑलवेज'? इंग्रजी सूचना लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी सात वर्षं काम केलं. माल परदेशी जायचा. त्यामुळे टॉवेलवरचं धुलाईचं लेबल, पेट्यांवरच्या सूचना, खरेदीदाराला जाणारे मेल, सगळं इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. बारावीला 'चेंज द व्हॉइस'चे मार्क माझे कधी गेले नाहीत, पण पहिल्याच आठवड्यात कळलं की दिलेलं वाक्य पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, फिरवणं वेगळं आणि "टॉवेल नेहमी वेगळे धुवावेत" हे कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिणं वेगळं. 'ऑलवेज' टाकायचं कुठे? 'शुड'च्या आधी, 'शुड' आणि 'बी'च्या मध्ये, 'बी'नंतर, की सरळ शेवटी? चारही वाक्यं लिहून बघायची. आधी चारही बरोबर वाटायची, थोड्या वेळाने चारही चूक.

शाळेत मोडल ('शुड', 'मस्ट', 'कॅन' वगैरे) एका धड्यात येतात, पॅसिव्ह दुसऱ्यात, ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण, जसं 'ऑलवेज') तिसऱ्यात. कामावर मात्र तिघं एकाच वाक्यात येतात आणि त्यांची गाठ कशी घालायची हे कुणी सांगितलेलं नसतं. आता एमआयडीसीत, गारमेंटच्या युनिटात, दवाखान्याच्या काउंटरवर नव्याने लागलेली मुलंमुली मला हेच विचारतात. त्यांच्यासाठी पायरी-पायरीने लिहिते आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी वाचून सोडू नका, मोठ्याने म्हणा.

हाताशी काय लागेल

- एक वही आणि दोन रंगांची पेनं. एक साखळीसाठी, एक ॲडव्हर्बसाठी. का ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- क्रियापदांच्या तिसऱ्या रूपांची यादी. शाळेच्या जुन्या व्याकरणातली चालेल.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा, उदाहरणवाक्यं देणारा शब्दकोश. नुसते अर्थ देणारा नको. मोबाइलवरचा चालतो.
- घरातली लेबलं: टॉवेल, चादर, प्रेशर कुकरची पुस्तिका, औषधाचं पाकीट. मोडल, पॅसिव्ह आणि ॲडव्हर्ब एकत्र बघायचे तर सूचनांइतकी चांगली जागा दुसरी नाही.

१. आधी मराठी वाक्य पक्कं करा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग इंग्रजीला दोष देतात. मोडल कुठला घ्यायचा हे मराठी क्रियापदाच्या शेपटातच सांगितलेलं असतं. ते शेपूट नीट वाचा.

- "धुवावेत", "कळवण्यात यावे": 'शुड बी'
- "धुतलेच पाहिजेत": 'मस्ट बी'
- "धुता येतात": 'कॅन बी'
- "रंग थोडा कमी होऊ शकतो", म्हणजे कदाचित होईल: 'मे बी' किंवा 'माइट बी'
- "पाठवले जातील": 'विल बी'
- "धुवू नयेत": 'शुड नॉट बी'. सक्त मनाई असेल तर 'मस्ट नॉट बी'
- "धुण्याची गरज नाही": 'नीड नॉट बी'

शेवटचे दोन एकमेकांत मिसळू नका. "इस्त्री करू नये" आणि "इस्त्रीची गरज नाही" यांत टॉवेल जळण्याइतका फरक आहे. 'मस्ट नॉट बी आयर्न्ड' म्हणजे करायचीच नाही. 'नीड नॉट बी आयर्न्ड' म्हणजे नाही केली तरी चालेल.

आपल्या सरकारी मराठीतलं "-ण्यात यावे" इथे फार उपयोगी पडतं. "अर्ज मुदतीत सादर करण्यात यावा" यात करणारा कोण हे सांगितलेलं नाही, कामावर भर आहे. इंग्रजी पॅसिव्हचंही तेच काम. तुम्हाला "-ण्यात यावे" लिहावंसं वाटलं की समजा, 'शुड बी'ची जागा आली.

२. साखळी बांधा: मोडल, बी, तिसरं रूप

ॲडव्हर्ब बाजूला ठेवा. फक्त तीन कड्या लिहा: "शुड बी वॉश्ड", "मस्ट बी चेक्ड", "कॅन बी यूज्ड", "विल बी सेंट". कर्ता एक असो की अनेक, मोडल बदलत नाही आणि 'बी'सुद्धा बदलत नाही.

इथल्या दोन चुका मी शेकडो मेलमध्ये पाहिल्या आहेत. पहिली, 'बी' गळणं: "शुड वॉश्ड". दुसरी, तिसऱ्या रूपाचं शेपूट गळणं: "शुड बी वॉश", "मस्ट बी चेक". ही दुसरी चूक कानामुळे होते. बोलताना शेवटचा 'ड' किंवा 'ट' इतका हलका असतो की ऐकूच येत नाही, आणि जे ऐकलं नाही ते हातून लिहिलं जात नाही. म्हणून साखळी लिहून झाली की शेवटच्या शब्दावर बोट ठेवा आणि तो यादीत तिसऱ्या रकान्यात आहे का ते बघा.

३. ॲडव्हर्बची जागा ठरवा

आता खरा विषय. साखळीत ॲडव्हर्ब बसायला तीन जागा आहेत.

पहिली: मोडल आणि 'बी' यांच्या मध्ये.
दुसरी: 'बी' आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये.
तिसरी: तिसऱ्या रूपानंतर, शेवटी.

साखळी निळ्या पेनाने लिहा, मध्ये मोकळी जागा सोडा आणि ॲडव्हर्ब लाल पेनाने भरा. महिनाभर हे केलं की पेनाची गरज राहत नाही.

कुठल्या जागेवर कोण, हे ठरवायला एकच प्रश्न विचारा: हा शब्द कशाची चाकरी करतो? काम किती वेळा, केव्हा, कितपत खात्रीने होणार याची? की काम कोणत्या रीतीने करायचं याची?

वारंवारता, खात्री, "आधीच", "लवकरच", "सुद्धा" असे शब्द पहिल्या जागेवर जातात. मोडलनंतर लगेच.

"द टॉवेल्स शुड ऑलवेज बी वॉश्ड सेपरेटली."
"ब्लीच मस्ट नेव्हर बी यूज्ड."
"द ऑर्डर विल प्रॉबॅब्ली बी डिलिव्हर्ड ऑन मंडे."
"द सॅम्पल्स विल सून बी सेंट."
"धिस टॉवेल कॅन ऑल्सो बी यूज्ड ॲट द बीच."

रीत सांगणारे शब्द, म्हणजे काळजीपूर्वक, व्यवस्थित, हळुवार, पूर्णपणे, हे तिसऱ्या रूपाला चिकटून राहतात. एकतर त्याच्या आधी, नाहीतर नंतर.

"द कार्टन्स शुड बी केअरफुली पॅक्ड."
"द एजेस मस्ट बी प्रॉपर्ली स्टिच्ड." किंवा "मस्ट बी स्टिच्ड प्रॉपर्ली."

'सेपरेटली'सारखे काही शब्द शेवटीच शोभतात. 'फास्ट', 'हार्ड', 'अर्ली', 'लेट' यांना तर शेवटीच जावं लागतं. "मस्ट बी सेंट अर्ली" बरोबर, "मस्ट बी अर्ली सेंट" चूक.

मग "शुड बी ऑलवेज वॉश्ड" चूक आहे का? अर्थ कळतो, आणि आपल्याकडे ते सर्रास लिहिलंही जातं. पण इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे त्यांच्या कानाला ते खडबडीत लागतं. आपल्या हातून ते का होतं, याचं मला सापडलेलं उत्तर असं. सोलापुरात घराघरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड, आणि तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी. "नेहमी" हा शब्द आपण धुण्याच्या आसपास, क्रियापदाच्या आधी ठेवतो. इंग्रजीत लिहितानाही हात आपसूक 'वॉश्ड'च्या आधी जातो, आणि 'शुड'शेजारची जागा आपल्याला दिसतच नाही, कारण मराठीत "धुवावेत" हा एकच शब्द असतो. त्याच्या पोटात फट नाही. इंग्रजीत त्याच शब्दाचे तीन तुकडे होतात आणि दोन फटी पडतात. त्या फटी बघायला शिकणं हाच या विषयाचा गाभा आहे.

जागा बदलली की अर्थ बदलतो, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण 'क्लिअरली':

"द साइझ शुड क्लिअरली बी मेन्शन्ड." साइझ लिहायलाच हवा, हे उघड आहे.
"द साइझ शुड बी क्लिअरली मेन्शन्ड." साइझ ठळक, वाचता येईल असा लिहावा.

पहिल्या वाक्यात 'क्लिअरली' सगळ्या विधानाबद्दल बोलतं, दुसऱ्यात लिहिण्याच्या रीतीबद्दल. शब्द तेच, एक घर पुढे सरकलं आणि अर्थ पालटला. दोन्ही वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

असाच पहिल्या जागेवरचा शब्द 'लीगली'. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेल्या चादरीबद्दल लिहायचं झालं तर: "इट कॅनॉट लीगली बी सोल्ड ॲज अ सोलापुरी चादर." म्हणजे कायद्याने तसं विकता येत नाही.

काही शब्दांना दोन्ही फटी चालतात. "द स्टिकर कॅन ईझिली बी रिमूव्ह्ड" आणि "कॅन बी ईझिली रिमूव्ह्ड" दोन्ही बरोबर, अर्थ तोच. इथे अडून बसू नका, पुढे चला.

४. शेवटच्या शब्दांचा क्रम: मराठी आरशात धरा

मराठीत आपण म्हणतो: "पहिल्या वापराआधी, थंड पाण्यात, वेगळे, धुवावेत." इंग्रजीत नेमकं उलट: "शुड बी वॉश्ड, सेपरेटली, इन कोल्ड वॉटर, बिफोर फर्स्ट यूज." क्रियापदापासून मोजलं तर क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. मराठीत तो डावीकडे जातो, इंग्रजीत उजवीकडे. लांब सूचना लिहायची असेल तर मराठी वाक्य क्रियापदापासून मागे मागे वाचत चला आणि तसंच इंग्रजीत उतरवा. पेट्यांवरच्या सूचना मी वर्षानुवर्षं अशाच लिहिल्या.

५. नकार: सगळ्यात जास्त घसरायची जागा

एकदा मालाची तपासणी व्हायची होती. पॅकिंगचे अण्णा म्हणाले, "ताई, तपासणी होईपर्यंत पेट्या पूर्ण बंद करायच्या नाहीत, तेवढं त्यांना कळवा." मी खरेदीदाराला लिहिलं: "द कार्टन्स मे नॉट बी कम्प्लीटली सील्ड बिफोर इन्स्पेक्शन."

मला म्हणायचं होतं, बंद करू नयेत. त्यांनी वाचलं, कदाचित पूर्ण बंद झालेल्या नसतील. लगेच उलट मेल: माल धुळीपासून, ओलाव्यापासून सुरक्षित राहील ना? मी घाबरून 'मे'च्या जागी 'मस्ट' लिहिलं: "मस्ट नॉट बी कम्प्लीटली सील्ड." आता नवा प्रश्न आला: म्हणजे अर्धवट टेप लावली तर चालेल का? मी अण्णांकडे गेले. ते म्हणाले, "छे हो, टेप अजिबात लावायची नाही." मग कुठे बरोबर वाक्य झालं: "द कार्टन्स मस्ट नॉट बी सील्ड ॲट ऑल अंटिल द इन्स्पेक्शन इज ओव्हर."

या दोन दिवसांत मला दोन सापळे कळले. पहिला, 'मे नॉट बी'चे दोन अर्थ होतात, मनाई आणि शक्यता. सूचनेत ते वापरूच नका. मनाईला 'मस्ट नॉट बी' लिहा, शक्यतेला 'माइट नॉट बी'. दुसरा, 'नॉट'च्या पुढे 'कम्प्लीटली' किंवा 'फुली' आलं की नकार त्या शब्दाला लागतो, सगळ्या कामाला नाही. "द स्टेन कॅनॉट बी कम्प्लीटली रिमूव्ह्ड" म्हणजे डाग निघेल, पण थोडा राहील. डाग निघणारच नसेल तर "कॅनॉट बी रिमूव्ह्ड ॲट ऑल".

नकाराबद्दल आणखी काही:

'नेव्हर'सोबत 'नॉट' नको. मराठीत "कधीही ब्लीच करू नये" यात "कधीही" आणि "नये" दोन्ही लागतात, म्हणून आपण "शुड नेव्हर नॉट बी ब्लीच्ड" लिहून बसतो. त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. 'नेव्हर'च्या पोटात नकार आहेच: "शुड नेव्हर बी ब्लीच्ड."

'नॉट ऑलवेज' म्हणजे 'नेव्हर' नव्हे. "द एग्झॅक्ट शेड कॅनॉट ऑलवेज बी मॅच्ड" म्हणजे तंतोतंत तीच छटा दर वेळी जुळेलच असं नाही. रंगाच्या तक्रारी येण्याआधी हे वाक्य लिहून ठेवणं फार उपयोगाचं.

'स्टिल' होकारात मोडलनंतर जातं, नकारात मोडलच्या आधी. "द लूम कॅन स्टिल बी रिपेअर्ड", पण "द लूम स्टिल कॅनॉट बी रिपेअर्ड". 'प्रॉबॅब्ली'चंही थोडं तसंच: "विल प्रॉबॅब्ली नॉट बी सेंट", पण आखूड रूप वापरलं तर "प्रॉबॅब्ली वोन्ट बी सेंट".

६. 'ओन्ली' म्हणजे आपला 'च'

मराठीतला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याचीच बाजू घेतो. "थंड पाण्यातच धुवावेत" आणि "थंड पाण्यात धुवावेतच" यांत कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीतलं 'ओन्ली' मात्र वाक्यात हिंडतं. "शुड ओन्ली बी वॉश्ड इन कोल्ड वॉटर" हे रूढ आहे आणि बहुतेकांना बरोबर कळतं. तरी लेबलवर मी 'ओन्ली' नेहमी त्याच्या शब्दाशेजारी ठेवते: "शुड बी वॉश्ड ओन्ली इन कोल्ड वॉटर." मराठीत 'च' कुठे लागतो ते शोधा आणि 'ओन्ली' त्याच्या आधी बसवा.

७. होऊन गेलेल्या गोष्टी

तक्रारींची उत्तरं लिहिताना साखळी चार कड्यांची होते: मोडल, हॅव, बीन, तिसरं रूप.

"नीट तपासायला हवे होते": "शुड हॅव बीन प्रॉपर्ली चेक्ड."
"चुकून मिसळले गेले असणार": "मस्ट हॅव बीन ॲक्सिडेंटली मिक्स्ड."
"आधीच पाठवला गेला असेल": "मे ऑलरेडी हॅव बीन सेंट." 'मे हॅव ऑलरेडी बीन सेंट' हेही तितकंच चालतं.

नियम तोच. रीत तिसऱ्या रूपाला चिकटून, वेळ आणि खात्री पुढच्या बाजूला. इथे 'बीन'च्या जागी 'बी' लिहू नका, एवढंच.

८. मोडलसारखे दिसणारे पाहुणे

'हॅव टू' आणि 'नीड टू' अर्थाने 'मस्ट'च्या जवळचे, पण घडण वेगळी. त्यांच्यासोबत ॲडव्हर्ब आधी येतो: "द वेट ऑलवेज हॅज टू बी चेक्ड." 'मस्ट' असेल तर "मस्ट ऑलवेज बी चेक्ड". हीच जागा 'हॅव टू'ला लावली की "हॅज टू ऑलवेज बी" असं अवघडलेलं वाक्य होतं. टाळा.

९. फसवे शब्द

'हार्डली' म्हणजे जोरात नव्हे. "जोरात घासू नये" याचं "शुड नॉट बी हार्डली रब्ड" होत नाही. "शुड नॉट बी रब्ड हार्ड." 'हार्डली' म्हणजे जेमतेम: "द स्टेन कॅन हार्डली बी सीन", डाग जेमतेम दिसतो. 'लेटली' म्हणजेही उशिरा नव्हे, अलीकडे.

आणि 'किंडली'. आपल्या सरकारी अर्जांत "द लीव्ह मे किंडली बी ग्रँटेड" असतं. "रजा कृपया मंजूर करण्यात यावी" याचंच ते रूप. जागेच्या नियमाने ते अगदी बरोबर आहे आणि आपल्या कचेऱ्यांत चालतंही. परदेशी खरेदीदाराला मात्र जुनाट वाटतं. त्याला 'प्लीज' घालून सरळ वाक्य लिहा. तिथे पॅसिव्हची गरजच नसते.

१०. रोज पाच वाक्यं

आठवडाभर रोज पाच मराठी सूचना घ्या. घरातल्या, ऑफिसातल्या, कुठल्याही. आधी शेपूट वाचा, मग साखळी, मग लाल पेन. सुरुवातीला या पाच करून बघा. खालची उत्तरं झाकून ठेवा.

अ) गडद रंगाचे टॉवेल नेहमी वेगळे धुवावेत.
आ) चादर कधीही गरम पाण्यात भिजवू नये.
इ) पेट्या कोरड्या जागीच ठेवल्या पाहिजेत.
ई) माल बहुधा शुक्रवारपर्यंत पाठवला जाईल.
उ) बिल पाठवण्याआधी काळजीपूर्वक तपासायला हवे होते.

अ) डार्क टॉवेल्स शुड ऑलवेज बी वॉश्ड सेपरेटली.
आ) द चादर शुड नेव्हर बी सोक्ड इन हॉट वॉटर.
इ) द कार्टन्स मस्ट बी स्टोअर्ड ओन्ली इन अ ड्राय प्लेस.
ई) द गुड्स विल प्रॉबॅब्ली बी डिस्पॅच्ड बाय फ्रायडे.
उ) द बिल शुड हॅव बीन केअरफुली चेक्ड बिफोर इट वॉज सेंट.

'उ'मध्ये 'चेक्ड केअरफुली' लिहिलं असेल तर तेही बरोबर धरा. 'अ'मध्ये 'बी ऑलवेज' आलं असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि दोन फटी पुन्हा एकदा लाल पेनाने काढा.